आधी पोच, मग शोध

सोमवार, ४ मे १९९८

संगणक आले. तीन. मुंबईच्या एका कंपनीने जुने झाले म्हणून संस्थेला देऊन टाकले. लाहू शिपायाने खोकी टेम्पोतून उतरवली आणि मलाच विचारलं, "राऊतसाहेब, यात मॅच दिसल का?" मी म्हटलं, यात काय दिसेल ते मी ठरवणार आहे.

हे मी उगाच म्हटलं नाही. गेलं वर्षभर दर रविवारी बोईसरला जाऊन मी सी ही संगणकाची भाषा शिकलो, ऑफिसात कुणाला कळू न देता. आमची संस्था तलासरीकडच्या डोंगरातल्या मुलींसाठी डहाणूत वसतिगृह चालवते. जागा साठ, अर्ज शंभराच्या आसपास. मी आवक-जावक खिडकीवर एकोणीस वर्षं आहे. आत येणारा आणि बाहेर जाणारा प्रत्येक कागद माझ्या हाताखालून जातो. काम होवो न होवो, कागद आत सापडो न सापडो, माझ्या खिडकीवरून एकही माणूस शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय परत गेलेला नाही. आधी पोच, मग शोध. हा माझा नियम.

दाराबसाहेब म्हणजे आमचे पारशी सचिव. ते म्हणाले, "या मशीनला एक प्रमुख लागेल. जुलैमधे बघू." बोलताना माझ्याकडे बघत होते. घरी प्रभाला सांगितलं, तर ती वह्या तपासताना मान वर न करता म्हणाली, "समोर तुम्हीच उभे असाल." शाळेत शिकवून शिकवून हिचं असं झालंय.

शुक्रवार, ८ मे

तलासरीच्या उपकेंद्रातून एक मुलगी पाठवली आहे. जिवली घाटाळ. वय पंचवीस-सव्वीस, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा. दर मंगळवारी आणि शुक्रवारी इथे, बाकीचे दिवस तिकडे. माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य: "काका, मॉडेम कुठे ठेवू?"

काका. मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे.

दुपारी तिने सगळ्यांना समजावून सांगितलं. तलासरीचा संगणक फोनच्या तारेवरून इथल्या संगणकाला विचारणार, अमुक नंबरच्या अर्जाचं काय झालं? विचारतो तो ब्राउझर. उत्तर देतो तो सर्व्हर. विचारणा ठरलेल्या शब्दांत यायची, उत्तर ठरलेल्या शब्दांत जायचं. आईबापांचा डहाणूचा हेलपाटा वाचणार. दहा मिनिटांत सांगून मोकळी झाली, आणि साहेब लेकीला म्हणावं तसं "वा, डिकरी, वा" करत होते. मला एकोणीस वर्षांत एकदाही वा मिळालेला नाही.

पण ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं, ही तर माझीच खिडकी आहे. विचारणा म्हणजे आवक, उत्तर म्हणजे जावक. मी तिथल्या तिथे म्हटलं, सर्व्हरचा प्रोग्राम मी लिहिणार. वाटलं होतं ती वाद घालेल. ती म्हणाली, "तुम्ही लिहा ना काका. मी तारा जोडते." इतक्या सहज कुणी काही सोडत नाही. काहीतरी आहे यात.

मंगळवार, १९ मे

अकरा दिवस डोळे फोडून लिहिलं. आज पहिल्यांदा दुसऱ्या मशीनवरून विचारणा आली. माझ्या पडद्यावर ओळ उमटली, इंग्रजीत गेट, म्हणजे आणा, आणि पुढे कागदाचं नाव. अंगावर काटा आला. माझा प्रोग्राम उठला, उत्तर पाठवलं. आणि ब्राउझर नुसता गरगरत बसला.

तासभर मी शोधतोय. जिवली डबा खात होती, ती मागून जाताना म्हणाली, "काका, वरच्या ओळी संपल्या की एक ओळ कोरी सोडावी लागते. मग मजकूर." आणि डबा धुवायला गेली.

एक कोरी ओळ टाकली. चाललं.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पत्रात वर पत्ता, तारीख, विषय, मग जागा सोडून मजकूर, हे मी एकोणीस वर्षं टाइप करतोय. मला हे सुचायला हवं होतं. तिला सुचलं, तेही डबा खाताना.

मंगळवार, २६ मे

प्रोग्राम सुरेख झाला आहे, माझा मीच सांगतो. उत्तराच्या प्रत्येक पानावर वर संस्थेचं नाव, पत्ता आणि आपोआप वाढत जाणारा जावक क्रमांक. त्याखाली अर्जाचा निकाल. आलेली प्रत्येक विचारणा वेळेसकट एका फाइलीत नोंदली जाते, अगदी आवक रजिस्टरसारखी. साहेबांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "जिवलीने पाहिला का?"

जिवलीने पाहिला. आणि तिला खोट सापडली. उत्तराची पहिली ओळ म्हणजे आकडा असतो. दोनशे म्हणजे ठीक, घ्या तुमचा कागद. चारशे चार म्हणजे असा कागद इथे नाही. माझा प्रोग्राम विचारणा आली की लगेच दोनशे पाठवतो, वरचं नाव-पत्ता पाठवतो आणि मग कागद शोधायला जातो.

"काका, आधी शोधायला पाहिजे. कागद नसेल तर तुम्ही ठीक म्हणून मोकळे, आणि खाली काहीच नाही."

मी म्हटलं, "दोनशे म्हणजे पोच. तुमची विचारणा मिळाली. माणसाला आधी पोच द्यायची असते."

"दोनशे म्हणजे पोच नाही काका. दोनशे म्हणजे उत्तर."

लाहू तिथेच उभा होता. त्याच्यासमोर. मी म्हटलं, मी या ऑफिसात आलो तेव्हा तू पाटीवर ग म भ न गिरवत होतीस. मग म्हणाली, "तेही खरंच." आणि हसली. ते हसणं मला अजून खुपतंय.

मंगळवार, २ जून

साहेबांनी आज तिला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. कपबशीत. मला चहा लाहू ग्लासात आणून देतो.

प्रभाला म्हटलं, ही मुलगी गोड बोलून माझी जागा घेणार. प्रभा म्हणाली, "तिचं नाव तुम्ही आज जेवताना सात वेळा घेतलंत. माझं महिन्यात एवढं घेत नाही." हिला प्रत्येक गोष्टीची गंमत वाटते.

मंगळवार, ९ जून

जिवलीने विचारलं, "काका, तुम्ही संस्थेत कुठल्या तारखेला लागलात? आणि बोईसरच्या क्लासचं सर्टिफिकेट आहे ना?"

मी कान टवकारले. तारीख सांगितली, सर्टिफिकेटची झेरॉक्सही दिली, कारण नाही म्हटलं असतं तर लपवतोय असं दिसलं असतं. पण मला कळलं. तिला माझं शिक्षण साहेबांना दाखवायचंय. हे बघा, रविवारचा क्लास, आणि हा माझा डिप्लोमा.

शुक्रवार, १२ जून

ती केबिनमध्ये अर्धा तास. हातात एक कागद घेऊन गेली होती, रिकाम्या हाताने बाहेर आली. कागद माझ्या खिडकीवरून गेला नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा साहेबांच्या टेबलावर एक कागद आवक क्रमांकाशिवाय पोचला. आतून साहेबांच्या हसण्याचा आवाज येत होता.

रात्रीचे दोन वाजले, झोप नाही. हेवा म्हणतात तो हाच असावा. पण मी हेवा करतोय असं नाही, मला अन्यायाची चीड आहे.

शुक्रवार, १९ जून

मंगळवारी निकालाचा दिवस. यंदा भिंतीवर यादी लागणार नाही. तलासरीत उपकेंद्रातला मुकेश संगणकावर बसेल, आईबाप नंबर सांगतील, तो विचारेल, माझा सर्व्हर सांगेल. निवड झालेल्यांपैकी अकरा मुलींचे डॉक्टरी दाखले यायचे आहेत, त्यांची पानं बुधवारनंतर चढवायची. बाकी सगळी तयार.

आणि आज संध्याकाळी जिवली मला म्हणते, "काका, रागावू नका. मी तुमच्या प्रोग्रामात चार ओळींची जागा बदललीय. आता तो आधी शोधतो. नसेल तर चारशे चार देतो आणि लिहितो, हा कागद अजून आलेला नाही, गुरुवारी विचारा. बाकी सगळं तुमचंच आहे."

मला न विचारता.

ती गेल्यावर फाइल उघडून पाहिली. वर लेखक म्हणून माझंच नाव ठेवलंय, स्वतःचं कुठेही घातलेलं नाही. चलाख आहे. बिघडलं तर राऊत, चाललं तर साहेबांच्या कानात जिवली.

सोमवार, २२ जून

ती आज तलासरीत. सगळे साडेपाचला गेले. मी म्हटलं, रजिस्टर मिटवून येतो.

माझी जुनी फाइल माझ्याकडे होती. ती परत घातली आणि चालू केली. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. काही वाईट केलं असं मला वाटत नाही. प्रोग्राम माझा आहे. उद्या जे चालेल ते मी लिहिलेलं असेल, शेवटच्या ओळीपर्यंत.

स्टेशनवरून घरी येताना प्रभासाठी गजरा घेतला. तिने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, काही नाही.

मंगळवार, २३ जून

एकूण विचारणा ९३. उत्तरं ९३. सगळी दोनशे. एकही अडलं नाही, एकही गळलं नाही. पडद्यावर ओळी भराभर उमटत होत्या आणि साहेब माझ्या खुर्चीमागे उभे राहून माझ्या खांद्यावर हात ठेवून बघत होते. माझ्या खांद्यावर. जिवली बाजूला उभी होती आणि टाळ्या वाजवत होती. फार मनापासून वाजवत होती असं दाखवत होती.

लोकांना इतकं आवडलं की काहींनी तोच नंबर दोन-दोन, तीन-तीनदा विचारला. एकाने तर चार वेळा. जावक क्रमांक दर वेळी नवा. अशी शिस्त भिंतीवरच्या यादीला कुठून येणार?

आज मी सुखाने झोपणार आहे.

बुधवार, २४ जून

अकरा वाजता जिवलीचा तलासरीहून फोन. आवाज वेगळा होता.

"काका, इथे काल काही जणांना कोरं पान आलं. वर संस्थेचं नाव, जावक नंबर, आणि खाली काहीच नाही. मुकेशभाईने त्यांना सांगितलं की नाव नाही."

मी म्हटलं, नाव नाही असं कशाला सांगितलं?

मागून मुकेशच ओरडला, "अरे साहेब, आज लग भिंतीवर नाव नाय तर जागा नाय, असाच होता ना? मी काय वेगळा बोलणार?"

मग तिने विचारलं, "काका, कुठला प्रोग्राम चालू आहे?"

मी म्हटलं, "तूच बदललेला."

तोंडातून गेलंच. मग म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला.

म्हणजे ज्या अकरा मुलींची पानं चढली नव्हती, त्यांचे आईबाप कालच विचारायला आले. मला वाटलं होतं ते नंतर येतील. माझ्या पोचेने त्यांना नाही म्हटलं, असं जिवलीचं म्हणणं होईल. पण माझ्या पानावर नाही असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. मी साहेबांना सांगितलं, फोनची लाइन मधेच तुटत असणार. ते "हं" म्हणाले.

शुक्रवार, २६ जून

जिवली आली. संगणकावर पाच मिनिटं बसली, फाइलींच्या तारखा आणि वेळा बघत होती. मग काहीतरी टाइप केलं, मशीन बंद करून चालू केलं आणि उठली. एक शब्द नाही. तिला काही सापडलं नाही. सापडलं असतं तर अशी गप्प बसली असती का?

उलट एक चांगला बदल झाला आहे. जाताना म्हणाली, "येते, राऊतसाहेब." काका म्हणणं सुटलं. मंगळवारचं काम बघून मान द्यायला शिकली.

नंतर ती केबिनमध्ये गेली. पाचच मिनिटं. आज आतून हसण्याचा आवाज आला नाही.

मंगळवार, ३० जून

अकरापैकी दहा मुली सापडल्या. जिवली आणि मुकेश पाड्यापाड्यांवर जाऊन बोलावून आले, असं लाहू सांगत होता. लाहू तिच्याबद्दल बोलतो तेव्हा त्याचा आवाजसुद्धा बदलतो. पायात चप्पल तुटली, चिखलातून गेली, अमुक आणि तमुक. मी म्हटलं, मला हे सगळं का सांगतोस?

अकरावी राहिली. अर्ज क्रमांक ८७, भिकी चैत्या धोडी, आठवीत. घराला कडी. आईबाप लावणीच्या मजुरीला कुठेतरी डहाणूकडे उतरलेत. नियमाने तीस जूनपर्यंत न आलेल्या मुलीची जागा पुढच्या नंबरला जाते. आज संध्याकाळी गेली. जागा गेल्याचं पत्र मीच जावक केलं.

संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. "एकनाथ, काय बोलायचा आहे का तुला?" म्हटलं, नाही साहेब. ते बघत राहिले. बहुतेक प्रमुखपदाबद्दल मीच विषय काढावा असं त्यांना वाटत असावं. मी काढला नाही. मागून घेणं माझ्या स्वभावात नाही.

शुक्रवार, ३ जुलै

साहेबांनी आज पुन्हा विचारलं. "काय बोलायचा आहे, एकनाथ?" मी म्हटलं, विभागाची पाटी मराठीत असावी. ते म्हणाले, "जा, काम कर."

जिवली शेजारच्या खुर्चीत दिवसभर होती. काम संपवते, डबा खाते, जाते. पूर्वी निदान काही विचारायची तरी. म्हणजे काल मी एक ओळ अशी सुरेख जमवली होती की दाखवावीशी वाटली, आणि या ऑफिसात ती कळेल असं माणूस एकच आहे.

शनिवार, ४ जुलै

अर्धा दिवस. विचारणांची फाइल उघडली. साहेबांना आकडे छापून द्यायचे होते, ९३ पैकी ९३.

क्रमांक ८७. अकरा वाजून चार मिनिटं, दोनशे. अकरा अकरा, दोनशे. अकरा सव्वीस, दोनशे. अकरा चाळीस, दोनशे.

चार वेळा विचारणारा हाच होता.

मुकेशला फोन लावला. तो म्हणाला, "हां, चैत्या. त्याने चार वेळा बघायला लावला मला. बोलला, परत बघ, परत बघ. पोरीला घेऊन आलेला. मग बोलला, चला, लावणीला जाऊ."

फोन ठेवला आणि त्या चार ओळी पुन्हा वाचल्या. तो चार वेळा विचारत होता, तेव्हा साहेबांचा हात माझ्या खांद्यावर होता. माझ्या मशीनने त्याला चार वेळा ठीक म्हणून सांगितलं आणि चारही वेळा कोरं पान दिलं. माझ्या खिडकीवर कुणी दुसऱ्यांदा आलं असतं तर मी निदान मान वर करून बघितलं असतं.

आकडे छापले नाहीत.

रविवार, ५ जुलै

प्रभाला सांगितलं. सगळं, सोमवारचं पण. ती रागावेल असं वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, "गजरा त्याच दिवशी आणला होतात ना?" आणि आत गेली. पाच मिनिटांनी छत्री आणि डब्यात चार भाकऱ्या घेऊन आली. म्हणाली, "उभे काय आहात? शोधायला जा."

सायकलने निघालो. स्टेशनच्या पूर्वेला एकेका शेताच्या बांधावर थांबून विचारत गेलो. आशागडला दुपारी सापडले. दहा-बारा माणसं ओणवी होऊन लावणी करत होती. मी बांधावरून नाव घेतलं तर एक किडकिडीत माणूस सरळ झाला.

मी म्हटलं, मी डहाणूच्या ऑफिसातून आलो, भिकीच्या अर्जाचं. तो आला नाही, तिथूनच बोलला. "कागूद आला होता साहेब. वर तुमचा नाव, खाली कायच नाय. मी बोललू बाबा परत बघ. खाली कायच नाय."

"चूक झाली होती. तिची निवड झाली होती."

"मंग आता हाय का जागा?"

मी म्हटलं, बघतो. त्याने मान हलवली आणि पुन्हा वाकला. त्याला राग आला असता तर मला बरं वाटलं असतं.

मुलगी रोपांची जुडी घेऊन माझ्या अगदी जवळ उभी होती, गुडघ्यापर्यंत चिखल. तिने विचारलं, "आठवीची पुस्तका वाटून झाली काय?" मला माहीत होतं, झाली. मी म्हटलं, एक संच ठेवलाय.

भाकऱ्या त्यांना दिल्या. येताना सायकल चालवली नाही, हातात धरून चालत आलो.

सोमवार, ६ जुलै

नियम काढून वाचले. जागा भरल्यावर जादा खाट मंजूर होते ती एकाच कारणाने: ऑफिसची चूक असेल आणि चूक करणाऱ्याने ती लेखी कबूल केली असेल तर. फोनची लाइन चालणार नाही. लाइन ऑफिसची नाही.

म्हणजे मी लिहिलं तर भिकीला खाट, आणि मला प्रमुखपद नाही. प्रमुखपदच कशाला, खिडकी राहील का तेही माहीत नाही. आणि विभाग जिवलीकडे. तिने काही न करता तिच्याकडे. आज दिवसभर मी या एका वाक्यावर अडून बसलो. त्या पोरीच्या पायांवरचा चिखल आठवत होता, तरी अडून बसलो. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे ते लिहितो.

संध्याकाळी दोन ओळी लिहिल्या, फाडल्या.

मंगळवार, ७ जुलै

सकाळी खिडकी उघडण्याआधी एका बैठकीत लिहिलं. २२ जूनला सायंकाळी साडेपाचनंतर मी, एकनाथ राऊत, दुरुस्त केलेला प्रोग्राम काढून माझा जुना प्रोग्राम चालू केला. विचारल्यावर खोटं सांगितलं. त्यामुळे अर्ज क्रमांक ८७ ला चुकीचं उत्तर गेलं. तरी जादा खाट मंजूर व्हावी. सही.

केबिनमध्ये जाऊन टेबलावर ठेवला. दाराबसाहेबांनी उभ्यानेच वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"बेस."

बसलो.

"बारा दिवस लावला तू, एकनाथ."

मला काही समजलं नाही.

"ती पोरगी निकालानंतरच्या शुक्रवारीच आली माझ्याकडे. बोलली, चूक कशी झाली मला माहीत आहे. मी विचारला, कशी? बोलली, ते काका सांगतील. मी बोललो, आणि नाय सांगितला तर? बोलली, सांगतील. आली की विचारतो तिला, सांगितला काय तुझ्या काकाने? तेच बोलते. सांगतील."

त्यांनी ड्रॉवर उघडून एक कागद माझ्यापुढे सरकवला. संगणक विभाग प्रमुख म्हणून श्री. एकनाथ राऊत यांची नेमणूक. तारीख १९ जून. सही झालेली, फक्त जावक क्रमांक नव्हता. मागे टाचणीने जोडलेलं जिवलीच्या अक्षरातलं पत्र, तारीख १२ जून. माझी नोकरीची तारीख, माझं सर्टिफिकेट, आणि खाली लिहिलेलं: सर्व्हर त्यांनीच लिहिला आहे, विभाग त्यांच्याकडेच असावा. मला तलासरीतच राहायचं आहे.

"निकालाच्या दुसऱ्या दिवशी देणार होतो," साहेब म्हणाले. "मग लाइन तुटली."

मी ज्या सोमवारी मागे थांबून तिचं काम काढून टाकलं, त्या सोमवारी हा कागद तीन दिवस जुना होता. माझ्याकडून कुणी काहीच घेत नव्हतं.

साहेबांनी खाट मंजूर केली. भिकीला शुक्रवारी बोलावलंय. नेमणुकीचा कागद त्यांनी फाडला नाही, मला दिलाही नाही. परत ड्रॉवरमध्ये ठेवला आणि म्हणाले, "आता जा. खिडकीवर माणसं उभी असतील."

बाहेर जिवली मॉडेम पुसत होती. मंजुरीचा कागद तिच्यापुढे ठेवला. तिने वाचला, घडी घातली, पर्समध्ये ठेवला. "मुकेशभाईला आत्ताच फोन करते," म्हणाली. मी बोलायला तोंड उघडलं, तर तिने नुसता हात वर केला. राग गेलेला नाही तिचा. जायलाही नको.

आज पहिल्यांदा सरळ लिहितो, मला जिवलीचा हेवा वाटतो. पहिल्या दिवसापासून वाटत होता, तिच्या डिप्लोम्याचा, तिच्या कपबशीचा, साहेबांच्या हसण्याचा. पण आज वाटतो तितका कधी वाटला नव्हता. मी खोटं बोललो हे पक्कं माहीत असताना ती दर वेळी म्हणत राहिली, सांगतील. त्या बारा दिवसांत माझ्याबद्दल मला स्वतःला एकदाही असं वाटलं नाही.